डाव्या पायातला करंट

वायरमन शिडीवरून पडला त्याला साडेतीन वर्षं होऊन गेली होती. पडला तोही काही फार उंचावरून नव्हे. एका शाळेच्या हॉलमध्ये पंखा बसवताना शिडीचा एक पाय सरकला आणि तो डाव्या घोट्यावर आदळला. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, स्क्रू बसले आणि चार महिन्यांत हाड छान जुळूनही आलं. एक्स-रे पाहून हाडांच्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. पाय बरा झाला होता. दुखणं तेवढं मागे राहिलं, आणि ते हाडाचं नव्हतंच.

घोट्यापासून करंगळीपर्यंत, पायाच्या बाहेरच्या कडेने जळायचं. गरम इस्त्री टेकवून कुणीतरी विसरून जावं तसं. मोजा चढवता येत नव्हता. चादरीचा काठ लागला तरी तो ओठ चावायचा. पंख्याचा वारा थेट पायावर आला की ब्लेड फिरवल्यासारखं व्हायचं. ज्याने निम्म्या गावाचे पंखे बसवले त्याने स्वतःच्या घरातल्या पंख्याच्या बटणावर काळी टेप चिकटवून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, अपघातात नस दुखावली आहे, आता कारण नसतानाही ती ओरडत राहते. गोळ्या झाल्या. गोळ्यांनी माणूस दिवसभर पेंगायचा आणि पाय मात्र टक्क जागा. इंजेक्शनं झाली, मलमं झाली, कुणी सांगितलं म्हणून गरम पाणी झालं, दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून बर्फ झाला.

त्याला सगळे वायरमनच म्हणायचे. बायकोसुद्धा बाहेर बोलताना 'आमचे वायरमन' म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या, कानामागे बोट घालून बघायचं, काडी टोचते का, सैल होते का. अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांना ती दिवसातून पन्नासदा हात लावायची आणि घरी नवऱ्यापासून चार हात लांब बसायची. अपघातानंतरच्या पहिल्याच महिन्यात झोपेत कूस बदलताना तिचा पाय त्याच्या पायाला लागला होता. तो असा ओरडला, की शेजारचे दार वाजवायला आले. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला आणि आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. भांडण नाही, तंटा नाही, नवरा-बायको दोन खोल्यांत झोपू लागले.

एका इस्पितळातल्या नव्या उपचाराचं लेकीने शोधून काढलं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि बापाचं दुखणं तिने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून पार पालथं घातलं होतं. सुया टोचायच्या, त्या सुयांना बारीक करंट जोडायचा, आणि नसेच्या जुन्या दुखण्यावर त्याचा किती उपयोग होतो ते साठ पेशंटांवर तपासायचं, असं तिथे चाललं होतं. वायरमनने आधी हसण्यावारी नेलं. सुया टोचून दुखणं जात असतं तर शिंप्यांना कधी काही दुखलंच नसतं, असं तो म्हणाला. पण बायकोने त्याच दिवशी दुकानातून रजा मागून घेतली, मग त्याला जावंच लागलं.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते समोरच्याला कळेल असं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. गुडघ्याखाली सहा ठिकाणी सुया. सुयांना चिमटे, चिमट्यांना वायरी, वायरींच्या दुसऱ्या टोकाला डब्याएवढं एक यंत्र. असा करंट दिला की दुखणं दाबणारे पदार्थ शरीर स्वतःच तयार करू लागतं, आणि दुखण्याचा निरोप पाठीच्या कण्यातून वर मेंदूकडे जातो ती वाट थोडी अडते, असं मानतात. काहींना निम्मा आराम पडतो, काहींना अजिबात नाही. म्हणूनच तर तपासायचं होतं. आणि त्यासाठी निम्म्या लोकांना सुया, चिमटे, सगळं लागणार होतं, पण करंट मिळणार नव्हता. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार होतं. ते डॉक्टरांनाही कळणार नव्हतं, पेशंटलाही नाही. ज्यांना करंट मिळाला नाही त्यांना शेवटी खरा उपचार देणार होते.

वायरमनने कागद दोनदा वाचला. मग त्याने विचारलं की करंट आहे की नाही हे त्याला, एका वायरमनला, कळणार नाही होय? डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, करंट फार थोडा असतो, कित्येकांना काही जाणवत नाही, आणि जाणवलं नाही म्हणजे नाहीच असं समजायचं नाही. त्याने सही केली. साक्षीदार म्हणून बायकोने केली.

आठवड्यातून दोनदा तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तो पडून राहू लागला. नर्स सुया लावायची, चिमटे अडकवायची, यंत्राचं बटण दाबायची. हिरवा दिवा लुकलुकायला लागला की ती बाहेर जायची आणि अर्ध्या तासाने परत येऊन विचारायची, दहापैकी किती दुखतंय. पहिल्या दिवशी तो नऊ म्हणाला. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या वेळी आठ.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो उठून दात घासायला गेला आणि आरशासमोर उभा राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण खाटेवरून उतरताना डावा पाय आधी टेकला. विचार न करता टेकला. तो तसाच उभा राहिला, पाय उचलला, पुन्हा टेकला. जळत होतं, पण इस्त्री कुणीतरी उचलून धरली होती. त्या दिवशी तो नर्सला पाच म्हणाला.

पुढच्या रविवारी त्याने मोजा चढवला. बायकोने तो पाहिला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती डोळे धुऊनच. संध्याकाळी तिने गादी उचलून आत आणली. दोघांत अजून वीतभर अंतर ठेवून ती झोपायची, पण दोन-तीन दिवसांत ते अंतर आपोआप कमी झालं. एका दुपारी तो बूट घालून चालत तिच्या दुकानात गेला. मालकाने खुर्ची दिली. तो बसला नाही, उभ्यानेच सगळ्यांशी बोलला, आणि ती एका गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी बसवता बसवता मध्येच थांबून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने टेप काढून पंखा लावला. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा गीझर दुरुस्त करून दिला. मग कुणाचं स्विच, कुणाचं मीटर. हत्यारांची पिशवी साडेतीन वर्षांनी पुन्हा खांद्यावर आली.

त्याच खोलीबाहेरच्या बाकावर टायपिंगच्या बाई भेटायच्या. त्या टायपिंगच्या क्लासात तीस वर्षं शिकवून घरी बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना नागीण झाली, फोड सुकून गेले, पण बरगडीवर एक पट्टा मागे जळत राहिला. एकमेकांत बोलू नका असं सगळ्यांना बजावलेलं होतं, पण बाईंना गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. त्यांनाही आराम पडत होता. त्या म्हणाल्या, सुयांमध्ये बारीक टकटक होते, कुणीतरी आत बसून एकच अक्षर टाइप करतंय अशी. त्यांनी विचारलं, तुम्हालाही होत असेल ना?

वायरमन हो म्हणाला. त्याला टकटक कधी झाली नव्हती.

त्याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. त्याने ती झटकली. जाणवलं नाही म्हणजे नाही असं नसतं, हे डॉक्टरांचंच वाक्य तो स्वतःला ऐकवत राहिला. पंधरा दिवस ऐकवलं. पण उभा जन्म त्याने ज्या कामात घालवला त्याचा पहिला नियमच होता, की चालू आहे असं म्हणायचं नाही, तपासून बघायचं.

त्या दिवशी तो एका घरचं काम आटोपून परस्पर इस्पितळात आला होता. पिशवी खुर्चीवर होती, पिशवीत मीटर होतं. नर्सने बटण दाबलं, दिवा लुकलुकू लागला, दार लागलं. तो पाच मिनिटं छताकडे बघत पडून राहिला. मग उठून बसला, हात लांबवून पिशवी ओढली, पायातल्या दोन सुयांचे चिमटे काढले आणि मीटरची टोकं त्यांना लावली.

शून्य.

त्याने मीटरचा खटका फिरवून लहान माप घेतलं. शून्य. एसी बघितला, डीसी बघितला. मीटरच बिघडलं असेल म्हणून टोकाला टोक लावलं, तर ते पीं करून वाजलं. मग त्याने यंत्रातून पिन उपसली आणि पिनेपासून चिमट्यापर्यंत वायर तपासली. वाजली नाही. दुसरी, तिसरी, एकही वाजली नाही. बाहेरून अखंड आणि आतून तोडलेल्या वायरी होत्या. काम चोख होतं, ज्याने केलं त्याला काम येत होतं. दिवा आपला लुकलुकतच होता. आणि क्षणभर, फॉल्ट सापडला की जे बरं वाटायचं, तसं त्याला बरं वाटलं.

त्याने सगळं होतं तसं जोडून ठेवलं आणि आडवा झाला. नर्सने येऊन विचारलं, किती? तो चार म्हणाला. ते खरंच होतं. त्या वेळी चारच होतं.

जिन्याने उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय जळायला लागला. बसथांब्यापर्यंत सहा. बसमध्ये कुणाची तरी बॅग बुटाला घासली आणि त्याने दांडा गच्च धरून डोळे मिटले. घराच्या दाराशी तो आला तेव्हा डावा बूट त्याच्या हातात होता. बायको अजून दुकानातून यायची होती. ती येईपर्यंत त्याने तो बूट कपाटात ठेवला, तोंड धुतलं आणि चहा टाकला.

आठ दिवस त्याने तिला पत्ता लागू दिला नाही. सकाळी मोजा घालायचा आणि ती दुकानात गेली की काढायचा. कामं आली तर आज सवड नाही म्हणायचा. ती उशाशी बसून बोलायची, लेकीकडे आता दोघं मिळून जाऊ, बसचा सात तासांचा प्रवास तुम्हाला झेपेल, असं म्हणायची, आणि तो हो म्हणायचा. झोपल्यावर तिचा पाय लागायचा तेव्हा तो उशी तोंडात धरायचा. नर्सला तो चारच सांगत राहिला. चार म्हणण्याने कदाचित चार होईल, असंही त्याने करून पाहिलं. झालं नाही.

नवव्या दिवशी उशीचा अभ्रा बदलताना बायकोला दातांनी पाडलेलं भोक दिसलं. ती तो अभ्रा घेऊन त्याच्यासमोर आली.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"नऊ दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत? डॉक्टरांना सांगू. करंट वाढवतील."

"करंट नाहीच," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नव्हता. वायरी आतून तोडलेल्या आहेत."

"कशावरून?"

"मी तपासल्या."

 ती खाली बसली.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं तपासायला?"

 मीटर पिशवीत होतं, एवढंच तो म्हणाला.

"पिशवीत हातोडीही होती. ती नाही काढलीत." तिचा आवाज चढला नव्हता. "तीन आठवडे माझा माणूस चालत होता. बंद वायरीवर चालत होता तर चालू द्यायचा होता."

त्या दिवशी ती न जेवता दुकानात गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचा राग ओसरला होता, पण त्याच्या जागी जे आलं ते त्याला अधिक जड गेलं. तिने हळूच विचारलं, तेव्हा खरंच कमी झालं होतं, की माझ्या समाधानासाठी चाललं होतं? त्याने शपथेवर सांगितलं की खरंच कमी झालं होतं, तेच तर. तिने मान हलवली. तिला ते पटलं की नाही, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. लेकीने फोनवर विचारलं, बाबा, परत तसंच समजून नाही का चालणार? तो हसला. तुटकी वायर हातात घेऊन तिच्यात करंट आहे असं समजायला त्याला जमलं असतं, तर तो चाळीस वर्षांत कधीच मरून गेला असता.

डॉक्टरांना त्याने सगळं सांगून टाकलं. त्या रागावतील अशी त्याची समजूत होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचं दुखणं खरं आहे," मग त्या म्हणाल्या. "आणि आराम पडला होता तोही खरा होता. जे करंटने करून घ्यायचं होतं, ते तुमच्या शरीराने आपणहून केलं."

"मग आता का करत नाही?"

"मला माहीत नाही."

साडेतीन वर्षांत असं सांगणाऱ्या त्या पहिल्याच डॉक्टर. त्या म्हणाल्या, कबूल केल्याप्रमाणे आता तुम्हाला खरा उपचार देऊ, पूर्ण बारा वेळा. ज्यांना नुसत्या सुयांनी फरक पडला, त्यांना करंटने कदाचित अधिक पडेल. कदाचित, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

खऱ्या उपचाराच्या पहिल्या दिवशी बायकोही आली आणि भिंतीशी स्टुलावर बसली. नर्सने बटण दाबलं आणि वायरमनला लगेच कळलं. सुयांभोवतीचं मांस ठरावीक ताल धरून उडायला लागलं, अंगठा आपोआप वाकू लागला. त्याने बायकोला सांगितलं, आता आहे. ती पुढे झुकून त्या अंगठ्याकडे अर्धा तास एकटक बघत राहिली. शेवटी नर्सने विचारलं आणि तो आठ म्हणाला. एका आकड्याचा फरक. परत जाताना बायको बसमध्ये म्हणाली, मागच्या वेळीही तिसऱ्या आठवड्यातच गुण आला होता.

तिसरा आठवडा आला आणि गेला. एकदा सकाळी त्याला सातसारखं वाटलं. त्याने पाय टेकला, उचलला, टेकला. पण ते खरोखर कमी झालं होतं, की तिसरा आठवडा आहे म्हणून वाटत होतं, हे त्याला ठरवता येईना. तो तसाच खाटेच्या कडेला बसून पायाकडे लक्ष देत राहिला आणि लक्ष देता देता ते पुन्हा नऊ झालं. करंट त्याला कळत होता. आराम मात्र कळेनासा झाला होता. आतून काही बरं वाटलं की तो आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा, आणि संशय घेतला की ते टिकत नव्हतं.

टायपिंगच्या बाईंना चांगला गुण आला होता, म्हणून त्यांचे उपचार पुढेही चालू ठेवले होते. आता त्या दुखऱ्या कुशीवरही झोपू शकत होत्या. जुना टायपरायटर काढून तेल घातलं म्हणाल्या. पण आठव्या वेळी वायरमन बाहेर पडला तेव्हा त्या बाकावर कशाबशा बसल्या होत्या. दोन वेळा झाल्या, टकटक जाणवत नाही, म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"तुम्ही वायरमन ना. आत येऊन जरा बघता का, करंट येतोय की नाही?"

त्यांच्या तोंडावरची ती शंका वायरमनने ओळखली. ती त्याचीच होती. हो म्हणावं, असं त्याला एकदा वाटून गेलं. चांगुलपणाने नव्हे. आणखी कुणीतरी या बाकावर आपल्या शेजारी येऊन बसेल, असं वाटून.

"येतोय," तो म्हणाला. "आधी टकटक होत होती ना? मग वायर चांगली आहे. अंगाला सवय झाली की जाणवत नाही."

"नक्की?"

"चाळीस वर्षं हेच काम करतोय, बाई."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पदर सावरून आत गेल्या. अंगाला सवय होते की नाही, याची वायरमनला काडीची माहिती नव्हती. आपण काही चांगलं केलं असंही त्याला वाटलं नाही. त्याला फक्त तीन जिने उतरायचे होते आणि लिफ्ट बंद होती.

बाराव्या वेळी तो नऊ म्हणाला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि त्याच्या सुया स्वतःच्या हाताने काढल्या. पुढे आणखी काही आहे का, असं बायकोने विचारलं. नवीन काही निघालं तर कळवते, त्या म्हणाल्या, पण त्याच्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. पुढच्याच रविवारी बायकोने गादी परत बाहेरच्या खोलीत न्यायला काढली. एकटीला ती दारातून वळवता येईना, तेव्हा वायरमनने उठून दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून नेली. लेकीकडे ती एकटी गेली, चार दिवस राहून आली.

वर्ष उलटत आलं तेव्हा इस्पितळाचं पत्र आलं. ज्यांनी ज्यांनी भाग घेतला त्या सगळ्यांना पाठवलेलं. बायकोने दुकानात जाण्याआधी ते उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. करंट मिळालेल्यांना न मिळालेल्यांपेक्षा अधिक आराम पडला होता. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना, आणि काहींचा आराम सहा महिन्यांनंतरही टिकून होता. आता इस्पितळात त्यासाठी कायमचा विभाग उघडणार होते. खाली डॉक्टरांची सही होती आणि आभार होते.

"चांगलं झालं," वायरमन म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला.

बायकोने कागद डोळ्यांजवळ धरला. "साठ जणांनी भाग घेतला असं लिहिलंय. हिशेबात एकोणसाठच धरलेत. एक बाद."

"मी असणार तो."

तिने पत्राची घडी घातली आणि ते एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात सरकवलं. नवीन फ्रेमांचा माल येणार आहे, आज उशीर होईल, भात झाकून ठेवलाय, असं सांगून ती चपला घालून बाहेर पडली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाईपर्यंत तो ऐकत राहिला. थोड्या वेळाने फोन वाजला. कुणाच्या तरी घरी अर्ध्या भागातले दिवे गेले होते आणि बोलणाऱ्याला त्याचा नंबर कुणाकडून तरी मिळाला होता. वायरमनने सगळं ऐकून घेतलं, मेन स्विच बंद करून ठेवा म्हणून सांगितलं. मग दुसऱ्या एका वायरमनचा नंबर दिला, तो माणूस चांगला आहे म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.